तळातून मोडलेलं जहाज : ‘एमओएल कम्फर्ट’, जून २०१३

२०१३ साली मोसमी पावसाने १६ जूनलाच अख्खा देश व्यापला होता, नेहमीपेक्षा तब्बल महिनाभर आधी. त्या आठवड्यात आपल्याकडची वर्तमानपत्रं केदारनाथच्या बातम्यांनी भरून गेली होती. त्यामुळे १७ जूनला भर अरबी समुद्रात घडलेली एक गोष्ट फारशी कुणाच्या नजरेत आली नाही. ३१६ मीटर लांबीचं आणि जेमतेम पाच वर्षं वयाचं एक कंटेनर जहाज चालता चालता मधोमध मोडलं. ते खडकावर चढलं नव्हतं, दुसऱ्या जहाजावर आदळलं नव्हतं, की आत कुठे स्फोट झाला नव्हता. समोर होत्या त्या फक्त जूनमधल्या अरबी समुद्राच्या नेहमीच्या लाटा.

जहाजाचं नाव ‘एमओएल कम्फर्ट’. मित्सुबिशीच्या नागासाकी गोदीत २००८ मध्ये बांधलेलं. आधी ‘एपीएल रशिया’ या नावाने धावायचं. रुंदी ४५.६ मीटर, उंची २५ मीटर, क्षमता वीस फुटी मापाने आठ हजारांच्या थोडी वर. झेंडा बहामाचा आणि वर्गीकरण, म्हणजे जहाज नियमांप्रमाणे बांधलंय का हे तपासून दिलेला दाखला, जपानच्या क्लासएनके संस्थेचं. सिंगापूरहून जेद्दाकडे निघालेल्या या जहाजावर त्या दिवशी ४,३८२ कंटेनर होते. पहिली सूचना मिळाली ती आत पाणी शिरल्याची. मधल्या भागातल्या सहा नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यात, पाणी येत होतं, आणि थोड्याच वेळात कवचाला गेलेली चीर बाजूने वर चढताना दिसली. २६ जणांनी लाइफबोट आणि तराफ्यांवर उतरून जहाज सोडलं. जवळून जाणाऱ्या ‘यांतियान एक्सप्रेस’ने त्या सगळ्यांना उचलून कोलंबोला पोहोचवलं. एकही जीव गेला नाही, हे या प्रकरणातलं मोठं सुदैव. तपासालाही त्याचा फायदा झाला, कारण पाणी आधी कुठे आलं आणि चीर कोणत्या दिशेने गेली हे सांगणारी माणसं हयात होती.

त्याच दिवशी जहाजाचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही तरंगत राहिले. सगळी मोठी जहाजं आडव्या बल्कहेडांनी (पोलादी भिंतींनी) कप्प्याकप्प्यांत विभागलेली असतात, त्याचा हा परिणाम. नैर्ऋत्य मोसमी वारा आणि त्याच्यासोबत वाहणारा पृष्ठप्रवाह यांनी दोन्ही तुकडे पूर्व-ईशान्येकडे, म्हणजे साधारण आपल्याच दिशेने ढकलायला सुरुवात केली. मागचा तुकडा, ज्यात इंजिन होतं, तो २७ जूनला सुमारे ४,००० मीटर खोल पाण्यात बुडाला. पुढचा तुकडा टगबोटींनी ओढायला घेतला होता. खवळलेल्या समुद्रात ओढदोर तुटला, तो पुन्हा बांधला, आणि ६ जुलैला त्या तुकड्यावरच्या कंटेनरांना आग लागली. मदतीला मुंबईहून भारतीय तटरक्षक दलाचं प्रदूषण-नियंत्रण जहाज ‘समुद्र प्रहरी’ गेलं. आग आटोक्यात येईना. जुलैच्या १०-११ तारखेच्या सुमारास तो तुकडाही सुमारे ३,००० मीटरवर तळाला गेला.

म्हणजे तपासायला हातात काही उरलंच नाही. मोडलेला पत्रा नाही, वेल्डचा नमुना नाही, एक कंटेनरही नाही. हे प्रकरण शिकण्यासारखं आहे ते प्रामुख्याने यामुळेच.

तुळई म्हणून जहाज

नौकास्थापत्यात जहाजाच्या सांगाड्याला ‘हल गर्डर’ म्हणतात, म्हणजे पाण्यावर ठेवलेली एक पोकळ तुळई. वजन खाली ढकलतं, पाणी वर ढकलतं. एकूण बेरजेला दोन्ही सारखी असतात, पण लांबीच्या प्रत्येक टप्प्यावर सारखी नसतात. आणि जिथे जमत नाहीत तिथे तुळई वाकते. लाटेचा माथा जहाजाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकं खळग्यांवर आली की मध्य वर उचलला जातो, टोकं खाली लोंबतात. याला हॉगिंग म्हणतात. त्यात डेक ताणला जातो आणि तळ दाबला जातो. उलट स्थिती म्हणजे सॅगिंग. त्यात तळ ताणला जातो, डेक दाबला जातो.

तेलवाहू जहाज माल कसा भरला आहे त्यानुसार दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला झुकू शकतं. कंटेनर जहाजाचं तसं नाही. त्याला वेग हवा असतो, म्हणून पुढचा आणि मागचा भाग निमुळता घडवलेला असतो. निमुळत्या भागाला पाण्याचा आधार कमी, पण त्याच्या डेकवर कंटेनरांच्या रांगा मात्र मधल्याइतक्याच. मध्य गोलमटोल, भरपूर आधार मिळणारा. त्यामुळे कंटेनर जहाज बंदरातल्या संथ पाण्यात उभं असतानाही हॉगिंगमध्येच असतं. त्याचा तळ कायम दाबाखाली असतो, आणि समुद्रातल्या लाटा त्या दाबात भर घालतात किंवा थोडा उतार देतात, एवढंच.

हे चीफ ऑफिसरच्या रोजच्या कामातलं. कंटेनरांची यादी लोडिंग कॉम्प्युटरमध्ये भरली की लांबीच्या प्रत्येक टप्प्यावर बेंडिंग मोमेंट (वाकवणारा भार) परवानगीच्या किती टक्के आहे ते पडद्यावर दिसतं. समुद्रासाठी मर्यादा वेगळी, बंदरासाठी वेगळी. आकडा शंभराच्या आत असला की जहाज निघायला मोकळं. नव्वदीतला आकडा पाहून कुणी दचकत नाही, दचकायचं कारणही नसतं. पण हा पडदा जहाजाकडे एक सबंध तुळई म्हणूनच पाहतो. एखाद्या होल्डखालचा तळ स्वतंत्रपणे किती फुगतो आहे, हे त्यावर दिसत नाही.

संशय वर, चीर खाली

अपघातानंतर पहिला संशय गेला डेककडे, आणि त्यात काही चूक नव्हती. कंटेनर वरून उतरवायचे म्हणून या जहाजांच्या डेकला जवळजवळ पूर्ण रुंदीची भोकं असतात. ताण पेलायला उरते ती दोन्ही कडांची अरुंद पट्टी आणि त्या भोकांचे, हॅचचे, उभे काठ. तिथे पोलाद खूप जाड लागतं. वजन वाचवायला या मालिकेत त्या जागी एचटी४७ नावाचं नवं पोलाद वापरलं होतं. साध्या जहाजी पोलादाची यील्ड स्ट्रेंग्थ (कायमचं वाकण्याआधी पेलता येणारा ताण) चौरस मिलिमीटरला २३५ न्यूटन, याची ४६०. नवं पोलाद, जाड प्लेट, कठीण वेल्डिंग म्हटल्यावर ठिसूळ तडा गेला असेल असं कुणालाही वाटणारच.

खलाशांची साक्ष मात्र जुळेना. डेक आधी फाटला असता तर पाणी उशिरा आलं असतं. इथे पाणी आधी आलं, तेही तळाशी. क्लासएनकेची चौकशी आणि जपान सरकारच्या वाहतूक मंत्रालयाने नेमलेली समिती, दोघांचाही रोख सहा नंबरच्या होल्डखालच्या तळाच्या प्लेटांकडे वळला. पण त्या प्लेटा चार किलोमीटर पाण्याखाली.

वाट निघाली ती बहिणींमुळे. याच आराखड्याची आणखी जहाजं समुद्रावर धावत होती. ती तपासली तेव्हा काहींच्या तळाला, मधल्या भागात, कीलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) रेषेजवळ, प्लेटा किंचित आत-बाहेर फुगलेल्या सापडल्या. जास्तीत जास्त सुमारे २० मिलिमीटर. तीनशे मीटरच्या जहाजावर दोन सेंटिमीटर म्हणजे डोळ्यांना काहीच नाही. एरवी ड्राय डॉकमध्ये रंगकाम करणाऱ्यांच्या हाताखालून ते सहज निसटलं असतं. मात्र हे फुगवटे धक्का लागून पडलेल्या पोचासारखे नव्हते. दोन स्टिफनरांमधल्या (प्लेटला आधार देणाऱ्या पोलादी पट्ट्यांमधल्या) भागात आत, शेजारच्या भागात बाहेर, असा त्यांचा क्रम होता. ही बकलिंगची खूण.

बकलिंग म्हणजे काय ते घरात पाहता येतं. स्टीलची फूटपट्टी दोन टोकांना धरून लांबीच्या दिशेने दाबा. पोलाद चिरडायच्या कितीतरी आधी पट्टी एका बाजूला फुगते. ती केव्हा फुगेल हे पोलाद किती कणखर आहे यापेक्षा ते किती जाड आहे आणि आधार किती अंतरावर आहेत यावर जास्त ठरतं. प्लेटसाठी हा दाब जाडी आणि स्टिफनरांमधलं अंतर यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर जातो. जाडी २० टक्क्यांनी कमी केली की लवचीक बकलिंगची मर्यादा ३६ टक्क्यांनी घसरते. इथे कणखर पोलादाची एक गोम आहे. यील्ड स्ट्रेंग्थ दुप्पट झाली तरी लवचिकतेचा गुणांक, म्हणजे पोलादाचा ताठपणा, तोच राहतो. ताण सोसायचा असेल तेव्हा कणखर पोलाद पातळ वापरता येतं, पण दाब सोसायचा असेल तेव्हा पातळपणाची किंमत द्यावी लागते. कंटेनर जहाजात वरचा भाग ताणात, तळ दाबात.

दोन हिशेब, वेगवेगळ्या पानांवर

तरीही एवढ्याने जहाज मोडत नाही. निखळ वाकण्याचा हिशेब मांडला तर तळाची ताकद पुरेशी निघत होती. जो भाग सुटला होता तो डबल बॉटमचा.

मोठ्या जहाजाचा तळ दुहेरी असतो. खाली बाहेरची प्लेट, वर होल्डची फरशी, मध्ये उभे-आडवे पडदे. पाण्याखाली १४ मीटरवर दाब चौरस मीटरला साधारण १४ टन. एका होल्डच्या तळावर हे हजारो टन सतत खालून वर रेटत असतात. वरून कंटेनरांचं वजन त्याला तोलून धरतं, पण पुरतं कधीच नाही. होल्डमध्ये हलका माल असला तर फारच कमी. परिणाम असा की दोन बल्कहेडांच्या मधला तळ वर फुगतो. आता हा फुगणारा तुकडा स्वतःच एक छोटी तुळई झाला. खालून रेटा आला की तिची वरची बाजू ताणली जाते आणि खालची, म्हणजे जहाजाची बाहेरची प्लेट, दाबली जाते.

हॉगिंगमध्येही नेमकी तीच प्लेट दाबली जात होती. दोन दाब एकाच प्लेटवर, एकाच दिशेने, होल्डच्या ऐन मध्यावर. त्यात भर म्हणून हा तळ रुंदीच्या दिशेनेही फुगतो, म्हणजे कीलजवळची प्लेट आडवीही दाबली जाते. बहिणींच्या तळावरचे फुगवटे कीलजवळच का सापडले, याचं उत्तर इथे मिळतं. आणि हॉगिंग सर्वांत जास्त केव्हा होतं? लाटेचा माथा मध्याखाली असताना, म्हणजे मधल्या होल्डवर खालून येणारा पाण्याचा दाबही तेव्हाच सर्वाधिक. सबंध तुळईचा वाईट क्षण आणि तळाचा वाईट क्षण एकच.

नियमांत या दोन्ही गोष्टी होत्या, पण वेगवेगळ्या पानांवर. लांबीच्या दिशेची ताकद एका प्रकरणात तपासायची, डबल बॉटमची स्थानिक ताकद दुसऱ्या. दोन्ही उत्तीर्ण म्हणजे जहाज उत्तीर्ण. दोन्ही एकदम आल्या तर तुळईची अंतिम ताकद, म्हणजे मोडण्याआधी पेलता येणारा सर्वाधिक भार, किती उरते, हा प्रश्न कंटेनर जहाजांना सक्तीने कुणी विचारला नव्हता. तेलवाहू आणि बल्क कॅरिअर (सुटा माल वाहणाऱ्या) जहाजांसाठी २००६ पासून समाईक नियमांत अंतिम ताकदीची तपासणी आली होती. शिवाय एक होल्ड भरलेला, पुढचा रिकामा अशा रीतीने खनिज वाहणाऱ्या बल्क कॅरिअरांत डबल बॉटम हॉगिंगची ताकद खाऊन टाकतो, हे अभ्यासकांना माहीत होतं. कंटेनर जहाजं मात्र त्या सगळ्यातून बाहेर राहिली, आणि त्याच काळात ती झपाट्याने लांब-रुंद होत गेली. माझ्या मते प्रकरणाचं मर्म इथे आहे. बांधणीतल्या हलगर्जीचा पुरावा कुणाला मिळाला नाही. जहाज नियमाप्रमाणेच बांधलेलं होतं.

समुद्राचा वाटा

त्या दिवशी नोंदलेली परिस्थिती अशी: वारा ब्यूफोर्ट मापाने ७, लक्षणीय लाट-उंची (सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी) ५.५ मीटर, लाटांचा सरासरी काळ १०.३ सेकंद, वेग सुमारे १७ नॉट, लाटा डाव्या बाजूने पुढून. ही काही वादळाची नोंद नव्हे. जूनपासून सोमालियाच्या किनाऱ्यावरून निघणारा खालच्या थरातला जोरकस वारा अरबी समुद्र तिरका ओलांडून आपल्याकडे येतो, आणि शेकडो मैलांच्या मोकळ्या पाण्यावर सलग घोंघावत राहिल्याने लाटांना वाढायला जागाही मिळते आणि वेळही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर याच काळात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. मोठ्या जहाजांना ही मुभा नाही. त्यांच्या वेळापत्रकात पावसाळा नसतो.

लाटेची उंची सगळेच विचारतात. पण जहाजाच्या दृष्टीने तिची लांबी जास्त बोलकी. खोल समुद्रात लाटेची मीटरमधली लांबी म्हणजे सेकंदांमधल्या काळाच्या वर्गाला १.५६ ने गुणलं की झालं. १०.३ सेकंदांची लाट सुमारे १६५ मीटर भरते, जहाजाच्या जेमतेम निम्मी. पण सरासरी ही सरासरीच. अशा समुद्रात सर्वाधिक ऊर्जा त्याहून लांब काळाच्या लाटांत असते, आणि १४ सेकंदांची लाट भरते ३०६ मीटर. ‘कम्फर्ट’च्या लांबीशी इतकी मिळतीजुळती लाट म्हणजे माथा मध्याखाली आणि दोन्ही टोकांखाली खळगे. साधा, मध्यम उंचीचा, पण मापाला नेमका बसणारा समुद्र.

शिवाय आणखी एक गोष्ट असते, व्हिपिंग. कंटेनर जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वरच्या बाजूला खूप पसरट असते. ती लाटेत आपटली की सबंध सांगाडा थरथरतो. एवढ्या लांब जहाजाचा उभा कंप साधारण दोन सेकंदांना एक असा असतो, आणि त्याचा ताण लाटेच्या संथ वाकण्यावर स्वार होऊन येतो. जहाज लांब होतं तसं लवचीक होतं, आणि हा वाटा वाढत जातो.

हिशेब जुळवताना

आता सगळ्यात अवघड भाग. सगळं धरूनही तपासणाऱ्यांचा पहिला आकडा जुळला नाही. त्या सकाळच्या परिस्थितीत जहाजावर आलेला अंदाजे भार त्याच्या ताकदीच्या बराच खाली निघाला. कागदावर जहाज मोडायलाच नको होतं.

मग अनिश्चितता मोजायला घेतल्या. लाटेची उंची नोंदीपेक्षा जास्त असू शकते, कारण भर समुद्रात तो अंदाजच. कंटेनरांची खरी वजनं जाहीर वजनांपेक्षा वेगळी असू शकतात. पोलादाची खरी ताकद ठरलेल्या किमान आकड्याच्या आसपास पसरलेली असते. तळाच्या प्लेटा आधीच थोड्या फुगलेल्या असतील तर ताकद आणखी उतरते. आणि व्हिपिंगचा वाटा नेमका किती, हे तर वादाचंच. क्लासएनकेने २०१४ च्या अहवालात भाराचा आणि ताकदीचा असे दोन्ही पट्टे मांडले आणि दाखवलं की भाराची वरची कड ताकदीच्या खालच्या कडेला ओलांडू शकते. मंत्रालयाच्या समितीचा अंतिम अहवाल मार्च २०१५ मध्ये आला.

‘ओलांडू शकते’ इतकंच. बातम्यांना यात रस वाटणार नाही, पण मला ही मांडणी प्रामाणिक वाटते. ‘जास्त वजन भरलं’ म्हणून मोकळं होणं फार सोपं होतं. कंटेनर समुद्राच्या तळाशी होते, कुणी मोजायला गेलं नसतं.

वजनाचा मुद्दा मात्र पोकळ नव्हता. २००७ मध्ये इंग्लिश खाडीत ‘एमएससी नेपोली’ या जहाजाचा सांगाडा इंजिनरूमपाशी बकल झाला होता. ते जहाज किनाऱ्याला लावल्यामुळे त्याचे डेकवरचे कोरडे राहिलेले कंटेनर प्रत्यक्ष तोलता आले, आणि त्यांतल्या सुमारे वीस टक्क्यांचं वजन कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाचं निघालं. १ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. न्हावा शेव्यातून माल पाठवणाऱ्या कुणालाही आज ‘व्हीजीएम’, म्हणजे हे पडताळलेलं वजन, समजावून सांगावं लागत नाही. त्या कागदामागे ‘नेपोली’सारखी प्रकरणं आहेत.

त्याच तारखेपासून वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, आयएसीएसचे, कंटेनर जहाजांसाठीचे दोन नवे नियमही लागू झाले: एस११ए आणि एस३४. आपली पवईतली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या संघटनेची सदस्य असल्याने ते तिलाही बंधनकारक. पहिल्याने कंटेनर जहाजाच्या सांगाड्याची अंतिम ताकद तपासणं सक्तीचं केलं. दुसऱ्याने होल्डचं तपशीलवार विश्लेषण कोणत्या भारस्थितींत करायचं ते ठरवून दिलं. त्यांतली एक स्थिती वाचताच ‘कम्फर्ट’ची आठवण होते: होल्डमधली कंटेनरांची एक पूर्ण रांग रिकामी धरायची, वरून तोलणारं वजन काढून घ्यायचं, आणि मग तळ तपासायचा. दोन पानांवरचे हिशेब अखेर एका पानावर आले.

जहाज चालवणाऱ्या एमओएल कंपनीने आपल्याकडच्या याच आराखड्याच्या सहा बहिणींचा तळ मजबूत करून घेतला आणि त्या पुन्हा धंद्याला लागल्या. व्हिपिंगचं मात्र अजून भिजत घोंगडं आहे. ३२.२६ मीटरहून रुंद जहाजांसाठी अंतिम ताकद तपासताना ते धरलंच पाहिजे असं एस११ए सांगतो. कसं धरायचं ते प्रत्येक वर्गीकरण संस्थेने आपापल्या पद्धतीने ठरवायचं आहे. दरम्यान कंटेनर जहाजांची लांबी ४०० मीटरवर गेली आहे.